संकेतस्थळासाठी जागा भाड्याने घेताना

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलाव सन १९१७ चा आहे. त्याच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको की, कालव्याच्या मुखाजवळील बांधी आधी भिजते व शेवटच्या टोकाकडील बांधीस उरलेसुरले पाणी मिळते. संकेतस्थळासाठी जागा घेतानाही हाच अनुभव उपयोगी पडतो.

एखाद्या बचत गटाने हातसडीचा तांदूळ वा जवस थेट नागपूर-मुंबईच्या ग्राहकास विकावयाचे ठरविले म्हणजे संकेतस्थळाची गरज भासते. त्याची पाने व छायाचित्रे अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागतात. तेथील जागा भाड्याने देण्यास होस्टिंग म्हणतात. सर्वांत स्वस्त प्रकारात एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे असतात. शेजाऱ्याने अधिक ओढले की आपले पान रखडते. तथापि पाचदहा पाने व थोडी छायाचित्रे असणाऱ्या गटास हा प्रकार पुरेसा होतो. महागडा स्वतंत्र सर्व्हर घेणे म्हणजे दोन बांध्यांसाठी ट्रॅक्टर विकत घेणे होय. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मात्र आकाराने लहान करूनच चढवावीत. ‘अमर्याद जागा’ या शब्दांवर विसंबू नये. मर्यादा असतेच, ती अटींच्या बारीक अक्षरांत सापडते.

दराविषयी सावध असावे. पहिल्या वर्षाचा भाव आमिषाचा असतो. दुसऱ्या वर्षी तोच दुप्पट-तिप्पट होऊ शकतो व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. सबब नूतनीकरणाचा दर विचारूनच तुलना करावी. ग्राहकाची माहिती सुरक्षित नेणारे प्रमाणपत्र (पत्त्याशेजारी कुलपाची खूण दिसते ते) मोफतही मिळते. त्यासाठी निराळी रक्कम मागणाऱ्यास कारण विचारावे. पैसे भरण्यापूर्वी एखाद्या रविवारी रात्री एक प्रश्न पाठवून उत्तर किती तासांनी येते ते पाहावे. जाहिरातीपेक्षा ही परीक्षा अधिक खरी ठरते.

सर्वांत मोठा धोका मात्र भाड्यात नसून नावात आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, हा गटाचा सातबारा समजावा. पुष्कळदा शहरातील एखादा ओळखीचा तरुण संकेतस्थळ बनवून देतो व डोमेन स्वतःच्या खात्यावर नोंदवितो. पुढे तो नोकरीनिमित्त दूर गेला, अथवा व्यवहारात बिनसले, की पोत्यांवर छापलेले नाव गटाच्या हाती राहत नाही. म्हणून नोंदणी, पावती, ई-मेल व भ्रमणध्वनी क्रमांक गटाचेच असावेत, आणि परवलीचा शब्द अध्यक्ष व सचिव या दोघांकडे असावा. ग्रामसेवकाने गटाच्या दप्तरात ही नोंद आहे की नाही हे अवश्य पाहावे. नाव एकाकडे व जागा दुसऱ्याकडे ठेवणेही इष्ट. त्यायोगे जागा बदलणे सोपे जाते.

जागा देणारा कितीही मोठा असो, आपली प्रत आपल्याजवळ हवी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागली व एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती, त्यांपैकी अनेकांचे सर्वस्व गेले. बियाणे आणि धान्य एकाच कोठीत ठेवू नये हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे. दरमहा एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, ती सचिवाच्या घरी ठेवावी, व बियाण्याची उगवण तपासावी त्याप्रमाणे अधूनमधून उघडून पाहावी.

करार शक्यतो धान विकले गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत करावा. नूतनीकरणाची तारीख रोवणीच्या घाईत आली म्हणजे ती हटकून विसरली जाते, हातात पैसाही नसतो. आणि सवलतीची मुदत टळल्यावर तेच नाव दुसरा कोणीही नोंदवू शकतो.