पासष्टीची वाट पाहू नका!

खालापूर तालुक्यातील लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे गाव. जवळच पाताळगंगेचे कारखाने. सकाळ झाली की घरातली कर्ती माणसे कामाला जातात आणि ओटीवर उरतात ती म्हातारी माणसे. समजा, अशा एखाद्या घरात 62 वर्षांची विधवा आई आहे. तिला कुणीतरी सांगितले, "म्हाताऱ्यांचा पगार पासष्टीनंतर मिळतो." ती बिचारी वाट पाहत बसली. आई-बहिणींनो, ही वाट पाहणेच चुकीचे आहे.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना 65 वर्षे व त्यापुढील निराधार वृद्धांसाठी आहे, हे खरे. पण 18 ते 65 वयातील निराधारांसाठी 1980 सालापासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यात निराधार विधवा, परित्यक्ता, अनाथ, अपंग, तसेच क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांमुळे स्वतःचे पोट भरू न शकणारे स्त्री-पुरुष येतात. म्हणजे त्या 62 वर्षांच्या आईने अर्ज आजच करायला हवा.

पात्रतेच्या मुख्य अटी अशा. महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य हवे. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत हवे, नाहीतर वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. अपंगांसाठी ही मर्यादा 50,000 रुपये ठेवली गेली. अपंगत्व किमान 40 टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथवर नेणे सोपे नाही. तेव्हा घरातल्यांनी रजा काढून हे काम एकदाच, पण नीट करावे.

आता कागद कुठे अडतो ते पाहू. आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांची जन्मतारीख आधार कार्डावर अंदाजाने, 1 जानेवारी अशी लागली आहे. खरे वय 68, कागदावर 61! अशा वेळी खचून जाऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामपंचायतीची जन्मनोंद, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा शोधावा. काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला घेता येतो. अर्ज खालापूरच्या तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. बँक खात्याला आधार जोडलेले आहे ना, हेही पाहावे. नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

रक्कम किती? 2023 साली दरमहा 1,000 रुपयांचे 1,500 झाले. अपंगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये देण्याचा निर्णय झाला. वाढ झाली, चांगले झाले. पण 2023 साली रक्कम वाढली तेव्हा 21,000 ची मर्यादा मात्र तशीच राहिली. दिवसाला हिशेब केला तर ते 58 रुपयेसुद्धा होत नाहीत! आणि उत्पन्न मोजतात ते साऱ्या कुटुंबाचे, एकट्या म्हातारीचे नव्हे. मुलगा कंत्राटी कामावर लागला की आई कागदावर निराधार राहत नाही. मग तिच्या औषधाला घरात पैसे उरोत की न उरोत. खोटा दाखला काढणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यात उद्या वसुलीची टांगती तलवार असते. मर्यादा वाढवा, ही मागणी ग्रामसभेत ठराव करून उघडपणे मांडणे हाच उपाय.

ही मागणी करताना मान खाली घालण्याचे कारण नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात 41 वे कलम आहे. वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत माणसाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार तरतूद करावी, असे ते सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. पण राज्यकारभार त्याला धरून चालावा, असे संविधानच बजावते. तेव्हा हे अनुदान म्हणजे कुणा साहेबाची मेहेरबानी नव्हे.

शिकलेल्या मुला-मुलींनो, या रविवारी एक तास काढा. आपल्या आजीची आणि शेजारच्या आजोबांची कागदांची पिशवी उघडून पाहा. त्यांना वाचता आले नाही, म्हणून तुम्हाला शाळेत घातले. आता त्यांच्यासाठी तुम्ही वाचा.