गणिताची पदवी आणि मैंदर्गीचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की ‘गणित घेऊन पुढे करायचे काय?’ हा प्रश्न घरोघरी निघतो. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव. येथील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड, व्यवहाराची मराठी आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची इंग्रजी. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही, अथवा तिचे शुल्क झेपले नाही, म्हणून असा एखादा विद्यार्थी बी.एस्सी.कडे वळतो. साहजिकच गणित हा त्याला नाइलाजाने पत्करलेला विषय वाटू लागतो.

शिक्षणाची सोय पूर्वीपेक्षा जवळ आली आहे, हे मान्य केले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यापीठ पूर्वी कोल्हापूरला होते. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. परंतु विद्यापीठ जवळ आले म्हणजे माहितीही जवळ आली, असे होत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील ग्राहक बाजाराची पूर्ण माहिती बाळगून निवड करतो. आपला विद्यार्थी मात्र शेजारच्या मुलाने घेतला तो विषय घेतो. या अज्ञानाची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते.

भारतीय सांख्यिकी सेवेचे उदाहरण घ्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेस बसण्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, किंवा त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजेच गणिताच्या जोडीला कोणता विषय घेतला, यावर एका केंद्रीय सेवेचे दार उघडे राहणार की बंद होणार, हे ठरते. अनेकांना हा नियम कळतो तो पदवी हाती आल्यावर!

इतर वाटांचेही तसेच आहे. आयआयटीतील एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. विमाव्यवसायातील जोखमीचे गणित मांडणाऱ्या ॲक्च्युअरीच्या व्यवसायाला २००६ च्या कायद्याने स्वतंत्र संस्था लाभली. तिची प्रवेशपरीक्षा बारावीनंतरच देता येते, मात्र पुढील परीक्षा दीर्घ आणि खर्चिक आहेत. बँकांच्या भरतीपरीक्षांना कोणतीही पदवी चालते. पण तेथे आकडेमोडीचा सराव उपयोगी पडतो. शिक्षक व्हायचे तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा आल्याच, शिवाय जागा मोजक्या. गणिताची पदवी नोकरीची हमी देते, असे म्हणणे ही विद्यार्थ्यांची फसवणूक ठरेल.

मग उपाय कोणता? तो फारसा खर्चाचा नाही. पहिल्या वर्षाचे विषय निश्चित होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने एक तास राखून ठेवावा. कोणत्या वाटेला कोणता विषय, कोणती परीक्षा आणि किती वर्षे लागतात, हे गणिताच्या प्राध्यापकाने फळ्यावर मांडावे, आणि जमल्यास कन्नडमधूनही समजावून द्यावे. तोच तक्ता गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात लावावा.

देवळालीच्या शाळेत शिकवीत असतानाच द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य शोधले, आणि त्यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. लहान गावात बुद्धीची वाण नसते. उणीव आहे ती वेळेवर सांगणाऱ्याची, आणि ती भरून काढणे आम्हा शिक्षकांच्या हाती आहे.