हवा मोजायची काट्याने की आकड्याने?

कुहीहून नागपूर सुमारे चाळीस किलोमीटर. कोणी मोटारसायकलवर नोकरीला जातो, कोणी गाडीत मिरची-सोयाबीन घालून बाजाराला निघतो. टाकीत पेट्रोल किती, हे आपण रोज पाहतो. चाकात हवा किती, हे मात्र टायरला लाथ मारून ठरवतो! हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, दबून तापतो आणि ऐन उन्हाळ्यात, वेगात असताना फुटू शकतो. २०२२ साली समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. अशा वेगात अंदाज कामाचा नाही. हवा मोजायचे गेज घरचेच हवे.

काट्याच्या गेजमध्ये बहुधा धातूची पोकळ, वाकवलेली नळी असते. हवा शिरली की ती किंचित उलगडते आणि काटा सरकतो. फ्रान्सच्या युजीन बूर्दों यांची ही १८४९ सालची युक्ती. याला सेल लागत नाही. मात्र ते हातून पडले की बिघडू शकते. मोकळे असताना काटा शून्यावर येत नसेल, तर त्यावर विसंबू नये.

डिजिटल गेज दाबाचा आकडाच दाखवते. चष्मा नसला तरी वाचायला सोपे. पडद्यामागे दिवा असेल तर अंधारातही चालते. पण ऐन वेळी सेल संपला, तर हात चोळत बसावे लागते. आणखी एक भ्रम असतो. ३२.५ असा आकडा दिसला म्हणजे तो अचूकच, असे नव्हे. बारीक दाखवणे वेगळे, बरोबर दाखवणे वेगळे.

काट्याचे गेज घेताना पट्टा पाहावा. चूक बहुधा पूर्ण पट्ट्याच्या टक्क्यांत सांगतात. दोन टक्के चूक ६० पौंडांच्या गेजवर सव्वा पौंडाच्या आसपास, तर १६० च्या गेजवर तीन पौंडांहून जास्त होते. आपला नेहमीचा दाब पट्ट्याच्या मध्याजवळ यावा. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा मोटारीपेक्षा बरीच कमी असते. त्यासाठी कमी दाबाचे वेगळे गेज घ्यावे.

गेज कोणतेही असो, हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजावी. थंड टायरात ३३ पौंड हवा असेल आणि धावून आतली हवा २५ अंशांनी तापली, तर काटा ३७ च्या घरात जातो. तो पाहून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर कमी भरतो. योग्य दाब गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो.

मग घ्यावे कोणते? सेल बदलायचे लक्षात राहत नसेल, तर काट्याचे. नजर अधू असेल, तर डिजिटल. वर्षातून एकदा ते दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून पाहावे आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी वापरावे. डिकीत पडून राहिलेले गेज कितीही महागडे असले, तरी टायर वाचवत नाही.