घरातल्या इंटरनेटच्या तीन चाव्या कुणाकडे आहेत? केबलचा राऊटर बसवताना आणि कॉम्प्युटर जोडताना हे लक्षात ठेवा

अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, हज कमिटीचा अर्ज, पासपोर्टची अपॉइंटमेंट ही सगळी कामं आता ऑनलाइन होतात. मोबाईलवर ती सुरू होतात आणि अर्ध्यावर अडकतात. पीडीएफ अपलोड होत नाही, फोटोचा साईज बसत नाही, ओटीपी येईपर्यंत पानच बंद होतं. मग सायबर कॅफे गाठावा लागतो. तिथे दर अर्जामागे पैसे जातात आणि आधार, पॅन, पासबुकाच्या कॉपी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहून जातात. म्हणूनच बऱ्याच कुटुंबांनी घरी केबलचं इंटरनेट घेतलं आहे आणि मुलांसाठी जुना का होईना, एक कॉम्प्युटर आणला आहे.

पण इंटरनेट घरात आलं म्हणजे त्याचा ताबाही घरात आला असं नाही. केबलवाला मुलगा येतो, राऊटर लावतो, मोबाईलवर वाय-फाय चालू करून दाखवतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. पुढे अर्जाच्या शेवटच्या तारखेला रात्री नेट बंद पडलं की त्याच मुलाला फोन लावत बसावं लागतं. खरं तर यातलं बरंचसं काम घरातली दहावी-बारावीतली मुलगी किंवा मुलगा सहज करू शकतो. त्यासाठी तीन गोष्टी घरात असायला हव्यात. त्यांना आपण तीन चाव्या म्हणू.

पहिली चावी: इंटरनेट खात्याचा यूजर आयडी आणि पासवर्ड.
दुसरी चावी: राऊटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड.
तिसरी चावी: वाय-फायचा पासवर्ड.

बहुतेक घरांत फक्त तिसरी चावी असते. पहिल्या दोन केबलवाल्याकडेच राहतात. कनेक्शन घेताना, पैसे देण्याआधीच, या तिन्ही गोष्टी मागून घ्या आणि एका वहीत लिहून ठेवा. राऊटर किंवा मोडेमसाठी डिपॉझिट घेतलं असेल तर त्याची पावतीही त्याच वहीत ठेवा.

आधी घरात येणारी वायर ओळखा

आपल्याकडे केबलचं इंटरनेट तीन प्रकारच्या वायरींनी घरात येतं.

टीव्हीच्या केबलसारखी जाड, गोल आणि टोकाला फिरवून बसवायचा स्क्रू असलेली वायर असेल तर ती कोएक्सियल. ती आधी मोडेमला लागते आणि मोडेममधून दुसरी वायर राऊटरला जाते. काही मोडेममध्येच राऊटर असतो.

बिल्डिंगच्या जिन्यातून किंवा गच्चीवरून आलेली आणि टोकाला पारदर्शक प्लास्टिकची क्लिप असलेली वायर म्हणजे लॅन वायर. ती थेट राऊटरला लागते.

अगदी बारीक आणि टोकाला हिरवा किंवा निळा प्लास्टिकचा खटका असलेली वायर म्हणजे फायबर. ती ओएनटी नावाच्या डब्याला लागते. फायबरच्या आत काच असते. ती दारात चेंगरली, कपाटामागे घडी पडली किंवा खिळ्याला गुंडाळली तर तुटते. तिच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातून लेझरचा प्रकाश येत असतो.

जोडणी

राऊटरच्या मागे एकसारखी दिसणारी चार-पाच भोकं असतात. त्यांतलं एक वेगळ्या रंगाचं किंवा थोडं बाजूला असतं आणि त्यावर वॅन किंवा इंटरनेट असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. बाहेरून आलेली, म्हणजे मोडेमची किंवा बिल्डिंगची, वायर तिथेच लावायची. बाकीच्या भोकांवर लॅन लिहिलेलं असतं, ती घरातल्या कॉम्प्युटरसाठी. वायर चुकून लॅनमध्ये गेली तर दिवे लागतात, वाय-फायचं नावही दिसतं, पण इंटरनेट चालत नाही. नवीन राऊटर 'खराब निघाला' असं म्हणण्याआधी हे एकदा बघून घ्या.

मोडेम आणि राऊटर वेगळे असतील तर आधी मोडेम चालू करा. त्याचे दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. मग राऊटर चालू करा. नेट अडलं आणि दोन्ही बंद करून पुन्हा लावायचे झाले तरी क्रम हाच ठेवा. कोएक्सियल मोडेम बऱ्याचदा पहिल्यांदा जोडलेलं यंत्रच लक्षात ठेवतो. म्हणून आधी कॉम्प्युटरला लावलेली मोडेमची वायर काढून राऊटरला लावली तर मोडेम एकदा बंद करून चालू करावाच लागतो.

सेटिंगचं पान उघडा

मोबाईल किंवा कॉम्प्युटर राऊटरला जोडा, ब्राउझर उघडा आणि वर पत्त्याच्या जागी १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका. आकडे इंग्रजी कीबोर्डने टाकायचे. तुमच्या राऊटरचा नेमका पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, सुरुवातीचा पासवर्डही बहुधा तिथेच असतो. हे पान राऊटरच्या आतलं आहे, त्यामुळे बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी ते उघडतं.

पानावर इंटरनेटचा किंवा वॅनचा भाग शोधा. तुमच्या केबलवाल्याची पद्धत पीपीपीओई असेल तर पहिली चावी, म्हणजे यूजर आयडी आणि पासवर्ड, इथे भरायचा. पद्धत डायनॅमिक आयपीची असेल तर काहीच भरावं लागत नाही. मात्र काही ठिकाणी केबलवाला राऊटरचा मॅक नंबर आपल्याकडे नोंदवून घेतो. अशा वेळी तुम्ही बाजारातून नवा राऊटर आणलात तर त्याच्या स्टिकरवरचा मॅक नंबर त्याला कळवा, नाहीतर सगळं बरोबर जोडूनही नेट येणार नाही.

राऊटरच्या मागे रिसेटचं बारीक छिद्र असतं. त्यात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबली की आतल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. पहिली चावी वहीत असेल तर पाच मिनिटांत सगळं पुन्हा उभं करता येतं. नसेल तर केबलवाला येईपर्यंत थांबावं लागतं. मुलांनी उगाच ते छिद्र दाबू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

पासवर्डचा प्रश्न हलका घेऊ नका

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडंच आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल गेला होता. तपास नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरल्याचं पुढे आलं, पण चौकशीला त्याला सामोरं जावं लागलं. कारण साधं आहे. तुमच्या कनेक्शनवरून जे काही होतं, त्याची नोंद कंपनीकडे खातेदाराच्या नावावर होते. वाय-फाय कुणी वापरलं हे त्या नोंदीत दिसत नाही. आपल्या घरावर असा संशय आला तर पुढचे दिवस कसे जातील, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून राऊटर बसवला त्याच दिवशी चार कामं करा.

१. सेटिंगच्या पानाचा सुरुवातीचा पासवर्ड बदला. 'अॅडमिन' हा शब्द पासवर्ड म्हणून ठेवू नका. तो सगळ्यांना ठाऊक असतो.

२. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ वर ठेवा. जुनी डब्ल्यूईपी पद्धत दिसली तर ती काही मिनिटांत फोडता येते. वाय-फायचा पासवर्ड निदान १२ अक्षरांचा असू द्या. मोबाईल नंबर, मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि एक आकडा असा पासवर्ड लक्षातही राहतो आणि ओळखताही येत नाही.

३. डब्ल्यूपीएस आणि बाहेरून राऊटर चालवण्याची रिमोट मॅनेजमेंट बंद करा.

४. गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा पासवर्ड द्या. ईदला, लग्नाला पाहुणे आले की तोच द्यायचा आणि ते गेले की बदलायचा. घरातले कॉम्प्युटर, प्रिंटर त्यापासून वेगळे राहतात.

शेजाऱ्याला कायमचं वाय-फाय देण्याबद्दलही विचार करा. शेजारधर्म मोठा आहे, पण नोंद तुमच्या नावावर होते हे लक्षात असू द्या. त्यांच्या मुलाचा अर्ज भरायचा असेल तर त्याला घरी बोलावून आपल्या कॉम्प्युटरवर भरू द्या.

लहान मुलं असतील तर अजून एक सेटिंग कामाची आहे. राऊटरच्या डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते भरले की क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट बऱ्याच प्रमाणात अडवते. मोबाईल डेटावर मात्र याचा उपयोग नाही. तिथे पालकांचं लक्षच कामाला येतं.

राऊटर कुठे ठेवायचा

वायर जिथून घरात आली तिथेच, म्हणजे दाराच्या मागे, राऊटर टांगायची पद्धत पडली आहे. शक्य असेल तर तो घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नका. राऊटरला दोन बँड असतील तर २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लांब जातो आणि ५ गिगाहर्ट्झ जवळून जास्त वेग देतो. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या किंवा दुमजली घरात एकच राऊटर पुरत नाही. तिथे वरच्या मजल्यावर लॅन वायर नेऊन दुसरा राऊटर लावणं चांगलं. ही वायर १०० मीटरपर्यंत नीट काम करते.

कॉम्प्युटर जोडताना

टेबलावरच्या कॉम्प्युटरला वाय-फायपेक्षा वायर बरी. एक टोक राऊटरच्या लॅनमध्ये, दुसरं कॉम्प्युटरच्या मागे. क्लिप 'टक' असा आवाज करून बसली पाहिजे. भोकाजवळचा दिवा लुकलुकला की जोडणी झाली. वायर घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा. लॅपटॉपला हे भोक नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर मिळतो. जुन्या कॉम्प्युटरला वायर नेणं शक्यच नसेल तर यूएसबी वाय-फाय अडॅप्टर घ्या.

विंडोजमध्ये वेगळं काही भरावं लागत नाही. कॉम्प्युटर राऊटरकडून आपला पत्ता स्वतःच घेतो. तरीही नेट नसेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडा. आयपीची नेमणूक ऑटोमॅटिक आहे ना ते बघा. सेकंडहँड कॉम्प्युटरमध्ये जुन्या ऑफिसचा पत्ता तसाच राहिलेला असतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही असं समजा. अशा वेळी आधी वायर बदलून बघा.

स्पीडचा हिशोब

प्लॅन १०० एमबीपीएसचा, मग डाउनलोड १२ एमबीच का दाखवतं, हा प्रश्न नेहमी येतो. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० ला ८ ने भागलं की साडेबारा येतात. यात फसवणूक नाही. वेग तपासायचा तर बाकीचे मोबाईल वाय-फायवरून काढून, कॉम्प्युटरला वायर लावून तपासा. वायरवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर कमी असेल तर अडचण घरातली आहे. वायरवरही कमी असेल तर केबलवाल्याला विचारा. स्वस्त राऊटरची भोकं १०० एमबीपीएसचीच असतात, त्यावर २०० चा प्लॅन घेऊन फायदा नाही.

आखातात असलेल्या अब्बांशी किंवा भावाशी बोलणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपच्या कॉलवर तिथलेच निर्बंध आहेत. त्यामुळे दुबईचा कॉल लागला नाही म्हणून इथला राऊटर बदलू नका. तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं अॅप वापरावं लागतं.

नेट बंद पडलं तर

आधी दिवे बघा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरची तार तुटली आहे किंवा निघाली आहे. घरात काही करून उपयोग नाही, तक्रार करा. लाल दिवा नाही, राऊटरचं पानही उघडतं, पण नेट नाही, तर रिचार्जची तारीख आणि पहिली चावी तपासा. वीज वारंवार जात असेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

अर्जाची शेवटची तारीख असेल तर मोबाईल डेटा केबलने कॉम्प्युटरला लावा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाईलच्या नेटवर कॉम्प्युटर चालतो आणि अर्ज वेळेत जातो.

तक्रार केबलवाल्याच्या वैयक्तिक नंबरवर न करता कंपनीच्या तक्रार केंद्रात करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. ट्रायच्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तक्रार क्रमांक नसेल तर तिथे काही सांगता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

तुमच्याकडे कनेक्शन आधीपासून असेल तर आज रिचार्जचे पैसे देताना केबलवाल्याकडे पहिल्या दोन चाव्या मागा. महिन्याचे पैसे तुम्ही भरता आणि खातंही तुमच्याच नावावर आहे. त्यामुळे या चाव्या मागण्यात संकोच करायचं कारण नाही.