दोन पंचांगे

बुधवार पेठेत तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या जुन्या घरी गेल्या ज्येष्ठात आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी आली, तेव्हा तिच्या सामानात सासरहून दिलेला लाडवांचा डबा, दोन सैल झबली आणि तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली एक फाइल होती; आणि त्या फाइलीच्या शेवटच्या पानावर तिच्या डॉक्टरीणबाईंनी घाईच्या अक्षरात एक ओळ लिहून ठेवली होती, की अठ्ठावीस आठवडे भरले म्हणजे पाऊस भरात येण्यापूर्वी फ्लूची लस घ्यावी. या एका ओळीने आमच्या घरात चार दिवस जो खल झाला, तो बाळाच्या नावावरूनही पुढे झाला नाही.

विरोधी पक्षाचे नेतृत्व माझ्या सासूबाईंकडे होते. लहानपणी देवी टोचल्याचा रुपयाएवढा व्रण दंडावर अभिमानाने मिरवणाऱ्या आणि लेकीने धनुर्वाताची इंजेक्शने घेतली तेव्हा ‘वेळेवर घेतलीस ना?’ एवढेच विचारणाऱ्या या बाईंना लस या वस्तूचेच वावडे होते असे म्हणता येणार नाही. त्यांचा आक्षेप निराळा होता. ‘धनुर्वात म्हणजे जिवाचा मामला, पण सर्दीपडशासाठी पोटुशा बाईला कोणी सुई टोचतं का?’ असे त्या म्हणाल्या, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी माझ्यापाशीही त्याला चटकन देता येईल असे उत्तर नव्हते.

दोष काही अंशी शब्दाचा आहे. ‘फ्लू’ हा आखूड शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो, की दोन शिंका आलेला मनुष्यही आपल्याला फ्लू झाल्याचे सांगून कचेरीतून रजा घेतो. आपल्या आजे-पणज्यांनी याच रोगाला ‘मानमोडी’ असे नाव दिले होते आणि ते उच्चारताना त्यांचा आवाज खाली येत असे. 10 जून 1918 रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ती पहिली लाट सौम्य होती, परंतु पावसाळा सरता सरता आलेल्या दुसऱ्या लाटेने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली, आणि त्यांत ऐन तारुण्यातल्या स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. त्याच साथीत अमेरिकेत हॅरिस नावाच्या डॉक्टरने इन्फ्लुएंझा झालेल्या 1,350 गर्भवती स्त्रियांची माहिती गोळा केली. त्यांपैकी सुमारे 27 टक्के दगावल्या होत्या. 1957 च्या साथीत मिनेसोटा राज्यात जननक्षम वयाच्या ज्या स्त्रिया या रोगाने मेल्या, त्यांतल्या निम्म्या गरोदर होत्या. 2009 साली तर अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास असताना स्वाइन फ्लूच्या मृत्यूंत त्यांचा वाटा शेकडा पाच भरला. औषधे बदलली, इस्पितळे बदलली, अतिदक्षता विभाग आले, तरी प्रत्येक साथीत गर्भवतीच्या वाट्याला तिच्या हिश्शाहून अधिक का यावे?

याचे कारण गर्भारपणाच्या शरीररचनेतच आहे. वाढणारे गर्भाशय छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलते, त्यामुळे फुप्फुसांना पसरायला जागा कमी उरते. उलट दोन जिवांसाठी लागणारा प्राणवायू मात्र वाढलेला असतो, हृदयावरचा भारही वाढलेला असतो, आणि निम्मा परका असलेला गर्भ नऊ महिने सुखरूप राहावा म्हणून शरीराने आपल्या संरक्षणाच्या बंदोबस्तात काही फेरफार केलेले असतात. इतर वेळी चार दिवसांत उतरणारा ताप अशा स्थितीत छातीत उतरून न्यूमोनियाचे रूप घेण्याचा संभव वाढतो, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका त्याच्या मागोमाग येतो.

पुणेकरांना हे सारे नव्याने सांगावे लागू नये. 3 ऑगस्ट 2009 रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला तो याच शहरात, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या रूपाने. त्यानंतरच्या पंधरवड्यात नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा, बंद शाळा, चढ्या भावाने विकले जाणारे मास्क आणि लक्ष्मी रोडवर रुमालाची तिहेरी घडी तोंडाला बांधून खरेदीला निघालेली माणसे मला अजून दिसतात. ‘टॅमीफ्लू’ हे औषधाचे नाव तेव्हा आमच्या पेठेतल्या पोराटोरांच्या तोंडी झाले होते. विषाणूची खातरजमा करणारी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था 1952 पासून याच गावात आहे, आणि पुढल्याच वर्षी, 2010 साली, सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूची लस काढली तीही याच गावात. गंमत अशी, की नाकात फवारायची ती लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची होती, आणि जिवंत विषाणूंची लस गर्भवतीला देत नाहीत. म्हणजे जिला तिची निकड सर्वांत अधिक, तिलाच घरच्या गंगेत हात धुण्याची सोय नव्हती. गर्भवतीला द्यायची ती दंडात टोचायची, मृत विषाणूंच्या अंशांपासून केलेली लस. तीत जिवंत काही नसल्यामुळे तिच्यापासून फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखतो, क्वचित एक-दोन दिवस कणकण येते, आणि लोक त्यालाच फ्लू समजून लसीच्या नावाने बोटे मोडतात.

लेकीने दुसऱ्या दिवशी सासूबाईंना समजावले ते मात्र स्वतःच्या फुप्फुसांविषयी बोलून नव्हे. ती म्हणाली, ‘आजी, ही सुई माझ्या दंडात असली तरी निम्मी बाळाची आहे.’ या वाक्यात अतिशयोक्ती नव्हती. सहा महिने पुरे होईपर्यंत तान्ह्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, आणि फ्लूने इस्पितळात पोचणाऱ्या मुलांमध्ये हीच सहा महिन्यांच्या आतली बाळे फार असतात. आईला लस दिल्यावर साधारण दोन आठवड्यांत तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि वारेतून बाळाकडे जातात; ही रवानगी शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जोरात चालते. बांगलादेशात 340 गर्भवतींवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की ज्यांच्या आयांना शेवटच्या तिमाहीत ही लस मिळाली होती, त्या बाळांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी होता. दक्षिण आफ्रिकेतल्या पुढच्या मोठ्या प्रयोगात आई आणि बाळ दोघांतही हा लाभ निम्म्याच्या आसपास भरला, नेपाळात तो आणखी कमी आला. म्हणजे ही लस अभेद्य कवच नव्हे; गळक्या छपरावर घातलेल्या ताडपत्रीसारखी ती आहे, पुष्कळसा पाऊस अडवणारी आणि थोडा आत येऊ देणारी. जे डॉक्टर ती शंभर टक्के राखते म्हणून सांगतात, त्यांच्यावर माझा विश्वास थोडा कमी बसतो.

आता भीतीचा हिशेब. 2017 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने असे नोंदवले, की लागोपाठ दोन वर्षे ही लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये, दुसऱ्या खेपेस ती गर्भारपणाच्या अगदी आरंभी घेतली असता, गर्भपाताशी तिचा काही संबंध दिसतो. त्या अभ्यासाने बरीच खळबळ उडवली. त्याच मंडळींनी पुढच्या तीन हंगामांतल्या अधिक स्त्रियांचा तपास करून 2019 मध्ये निष्कर्ष मांडला तेव्हा तो संबंध आढळला नाही. पहिली बातमी फोनाफोनीवर घरोघर पोचली. दुसरीला पाय फुटले नाहीत. आमच्या शेजारच्या वहिनींनी जी.बी.एस.चे, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, नाव काढले तेव्हा मात्र मला त्यांचे हसू आले नाही, कारण 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला त्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि संशयितांची संख्या दोनशेवर गेली, तेव्हा पुण्यातले प्रत्येक घर हादरले होते. ती साथ दूषित पाण्यातल्या जंतूंकडे बोट दाखवत होती, लसीकडे नव्हे. 1976 साली अमेरिकेत वापरलेल्या एका लसीनंतर हा आजार सुमारे लाखात एकाला अधिक झाल्याचे दिसले होते, हे खरे; आजच्या लसींबाबत तो धोका धरला तरी दहा लाखांत एक-दोन इतका धरतात, आणि फ्लूचा आजार होऊन गेल्यावरही जी.बी.एस. होऊ शकतो हा मजकूर फोनवरून फिरणाऱ्या निरोपात कधीच नसतो. पूर्वीच्या डोसानंतर जिला तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया आली असेल, तिने मात्र डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे.

तर मग केव्हा घ्यावी? येथे जाणत्यांचीही एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली गर्भवतींना या लसीच्या यादीत सर्वांत वर बसवले आणि कोणताही महिना चालेल असे म्हटले. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाचा कल 26 आठवड्यांनंतर देण्याकडे, साथ असेल तर त्याआधीही. आणि महाराष्ट्र सरकारने 2015 साली, ज्या वर्षी राज्यात स्वाइन फ्लूने नऊशेच्या घरात माणसे गेली, जोखमीच्या लोकांना ही लस मोफत द्यायचे ठरवले तेव्हा गर्भवतींसाठी दुसरी आणि तिसरी तिमाही नेमली. हे मतभेद वाचून गोंधळायला होते. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते, की येथे दोन पंचांगे एकमेकांवर ठेवून पाहायची आहेत: एक पोटातल्या बाळाचे आणि दुसरे पावसाचे.

विलायतेत फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे त्याचा मोठा हंगाम पावसाळ्याचा, जुलै ते सप्टेंबर, आणि थंडीत येतो तो धाकटा. विषाणू आपले रूप पालटत राहतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना लसीचा मसाला वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण भूगोलाने उत्तरेचे असलो तरी आपल्या पावसाळ्याला दक्षिणेची लस वेळेवर सापडते, म्हणून कुपीवर कोणत्या वर्षाची आणि कोणत्या गोलार्धाची लस आहे हे विचारणे अगोचरपणाचे नाही. आमच्या लेकीची तारीख भाद्रपदातली. तिचा सातवा महिना ज्येष्ठात. म्हणजे पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात, ओल्या कपड्यांची लाखो माणसे शहरातून जातात, त्या सुमाराचा. आणि बाळ जन्मणार ते गणेशोत्सवात, जेव्हा आमची बुधवार पेठ जगातली सर्वांत दाट वस्ती होते, दगडूशेठच्या गणपतीसमोरच्या गर्दीत मुंगीलाही वाट मिळत नाही, आणि दर्शन आटोपलेले पाहुणे ‘आलोच आहोत तर बाळही पाहून जाऊ’ म्हणून जिना चढतात. त्या गणपतीची स्थापना दगडूशेठ हलवायांनी प्लेगात मुलगा गमावल्यानंतर केली, अशी कथा सांगतात. स्थापना 1893 ची आणि पुण्यात प्लेग शिरला तो त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणून तारखांचा मेळ काही बसत नाही, परंतु साथीत लेकरू जाण्याची वेदना या पेठेत इतक्या घरांनी सोसली आहे, की ती कथा कोणाला खोटी वाटत नाही. आमच्या लेकीपुरती तर दोन्ही पंचांगे एकाच ओळीवर येत होती. जिचे दिवस माघात भरायचे आहेत आणि पाऊस सुरू होताना जिला दुसरा महिना आहे, तिला डॉक्टरांशी निराळा हिशेब मांडावा लागेल. आरंभीच्या महिन्यांतला चढा ताप गर्भालाही बाधतो, आणि पावसाळ्याचे तीन महिने उघड्यावर काढायचे की नाही, हे तिलाच ठरवावे लागेल.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी अनुमती दिली, ती मात्र यांपैकी कोणत्याही आकड्याने नव्हे. ‘बाळाला पाहायला येणाऱ्यांनाही टोचणार का?’ असा त्यांनी सवाल केला, आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटला. कारण बाळंतखोलीत खोकत शिरणारी मावशी किंवा काका हाच फ्लूचा नेहमीचा दरवाजा. त्यावर घरातल्या मोठ्यांनीही लस घ्यायची आणि ज्याला ताप असेल त्याने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, असे सासूबाईंनीच फर्मान काढले. लस घेऊनही ताप आलाच, तर दोन दिवसांच्या आत डॉक्टर गाठायचा, कारण टॅमीफ्लूसारखे औषध गर्भवतीलाही देता येते आणि ते लवकर दिले तरच नीट लागू पडते, ही ताकीद डॉक्टरीणबाईंनी वेगळी दिली.

लस टोचली, फाइलीवर कुपीचा क्रमांक चिकटला, दुसऱ्या दिवशी दंड दुखला. पावणेदोन हजार रुपये झाले. हा आकडा मी स्वयंपाकघरात जरा मोठ्याने बोलले आणि भांडी घासणाऱ्या आमच्या बाईचा हात थांबला. तिलाही सहावा महिना होता, हे आम्ही चार दिवस लसीवर वाद घालत असताना कोणाच्याच मनात आले नव्हते. धनुर्वाताची सुई सरकारी कार्यक्रमातून तिला आपोआप मिळाली होती. फ्लूची त्या कार्यक्रमात नाही, ती राज्याच्या निराळ्या तजविजीतली, आणि साठा असेल तर मिळणारी. ‘ताई, मला किती पडतील?’ तिने विचारले.

दुसऱ्या सकाळी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईंनी वहीत तिचे नाव, वय आणि महिना लिहून घेतला आणि साठा गुरुवारी येईल, नवाच्या आत या, असे सांगितले. परतताना पाऊस आला, म्हणून आम्ही दोघी फरासखान्याच्या चौकात एका दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो, आणि ती बोटांवर गुरुवारपर्यंतचे दिवस मोजू लागली.