स्क्वेअर फुटाचा भाव

काकू चपला बाजूला काढून नमुन्याच्या फरशीवर उभ्या राहतात. अंगठ्याने घासून बघतात. "घसरतंय हो हे." दुकानातला पोरगा लगेच दुसरा नमुना ओढून पुढे टाकतो. "मग मॅट बघा की काकू. पाणी सांडलं तरी पाय सरकायचा न्हाई." काकू त्यावरही उभ्या राहतात. काका मागे खिशातला कागद उलगडतायत.

कोल्हापूरजवळची पुलाची शिरोली. महामार्गाकडेचं दुकान, मे महिन्यातली रविवारची दुपार. बाहेरून ट्रक गेला की काचेची भिंत थरथरते. आत पंखे गरगरतायत, कूलर एकच आहे आणि त्याच्यासमोरच्या खुर्च्या केव्हाच भरल्यात. चार-पाच कुटुंबं नंबर लागायची वाट बघत फिरतायत. कुणाची वास्तुशांत आहे, कुणाच्या पोरीचं लग्न. सगळ्यांनाच पाऊस लागायच्या आत काम उरकायचं आहे.

भिंतीला बिजागरीवर टांगलेले नमुने वहीच्या पानांसारखे उलटायचे. पांढऱ्यावर राखाडी शिरा, पांढऱ्यावर सोनेरी शिरा, काळ्यावर पांढऱ्या. इटलीतल्या संगमरवराचं चित्र, छापलेलं गुजरातेतल्या मोरबीत, अंथरायचं कोल्हापूरच्या शाहूपुरीत. कोपऱ्यात लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट आहे. तिथे कुणी थांबत नाही. नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं तर त्याला हातही लावत नाहीत. पाणी चढलं की ते फुगतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"दोन बाय दोन पंचेचाळीसपासून. दोन बाय चार साठ. त्याच्या पुढं तुमची हौस," पोरगा सांगतो. काकूंना साठवाली आवडते. काकांच्या कागदावर हिशेब तयारच आहे. सहाशे स्क्वेअर फूट, साठ रुपये, छत्तीस हजार. खाली दोन रेघा ओढलेल्या.

पोरगा कॅल्क्युलेटर पुढे घेतो. बटण दाबलं की तो टुकटुक वाजतो. "काका, कटिंगमध्ये दहा टक्के जाणार. झाले सहाशे साठ. बॉक्समध्ये दोन नग." बोलायला दोन बाय चार फूट, पण फरशी असते सहाशे बाय बाराशे मिलिमीटरची. म्हणजे बॉक्समध्ये सोळा नाही, साडेपंधरा फूट. त्रेचाळीस बॉक्स. भिंतीलगतच्या चार इंची स्कर्टिंगसाठी आणखी पाच. अठ्ठेचाळीस. वर १८ टक्के जीएसटी. तो कॅल्क्युलेटर फिरवून काकांसमोर धरतो. ५२,६७५.

काका चष्मा कपाळावर चढवतात. परत खाली घेतात. "राउंड करा की." पोरगा नुसता हसतो. वरचे पंच्याहत्तर काही सुटत नाहीत.

मागे गोडाऊन. पत्र्याखाली भट्टी झालीय. हमाल डोक्यावर पोत्याची घडी ठेवून बॉक्स उचलतात. एकेक बॉक्स अठ्ठावीस किलोच्या आसपास. म्हणजे काकांची फरशी तेराशे किलोच्या वर. एक जण प्रत्येक बॉक्सवरचा शेड नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा चिठ्ठीवर टिक करतो. एका बॉक्सचा नंबर जुळत नाही. तो बाजूला. डिझाइन तेच असलं तरी वेगळ्या लॉटचा रंग घरात अंथरल्यावर डोळ्यावर येतो. काका घामाने भिजलेत, पण हलत नाहीत.

टेम्पो निघतो. पंचगंगेच्या पुलावरून खाली बघितलं तर नदी तळाशी गेलीय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये महापुराने हाच महामार्ग बंद पाडला होता. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आत्ता काठावर म्हशी बसल्यात. कावळा नाक्याला सिग्नल, मग गर्दी, मग शाहूपुरी.

कुंभार गल्लीच्या बोळाशी टेम्पो थांबतो. आत जात नाही. गणपतींची कामं सुरू झालीत, दारादारात बिनरंगाच्या मूर्ती वाळतायत. त्यांच्यामधून अठ्ठेचाळीस बॉक्स हातानं न्यायचे. "बॉक्समागं वीस," हमाल सांगतो. घासाघीस होते. वीसच राहतात. ९६०.

घर बोळाच्या टोकाला. ब्रेकरचा आवाज आधी येतो, घर नंतर दिसतं. आत धूळ एवढी की दारातून फक्त पिवळा बल्ब दिसतो. दोन माणसं तोंडाला पंचा बांधून जुनी शहाबादी उचकटतायत. खाली भरावाचा मुरूम, काही ठिकाणी खचलेला. जुन्या फरशीवरच केमिकलने नवी चिकटवायचा विचार काकांनी केला होता. तोडफोड वाचली असती. गवंड्याने हातोडीच्या दांड्यानं ठोकून दाखवलं. निम्म्या घरात बद्द आवाज. "पुराचं पाणी आत बसून गेलंय न्हवं. ह्याच्यावर लावली तर दोन वर्षांत उठतीय." म्हणून फोडायचं. फुटाला पंधरा, ९,०००. रोडा टाकायला टेम्पोच्या तीन खेपा, ४,५००. सिमेंटची अठरा पोती, ६,४८०. क्रश सँड, ४,५००.

काका कागद मांडीवर घेऊन लिहीत जातात. गवंडी उकिडवा बसून तंबाखू मळतोय. "फरशीचा भाव दुकानदार सांगतोय. तिच्या खालचा आमीच सांगायचा." मजुरी फुटाला तीस, १८,०००. स्कर्टिंग दोनशे फूट, वीसने ४,०००. सांध्यांत साधं ग्राउट भरायचं की एपॉक्सी, ते अजून ठरायचंय. एपॉक्सी महाग, पण डाग धरत नाही. काकू म्हणतात, "निदान स्वयंपाकघरात तरी घाला."

मजुरी एवढी कशाची, हे बघायला गल्लीतल्या दुसऱ्या घरात जायचं. तिथे याच गवंड्याची माणसं लावणीला लागलीत. भिंतीवर लेसरची हिरवी रेघ. मालाचा थर फळीनं ओढलेला, त्यावर सिमेंटचं पाणी. दोघे मिळून कपच्या धरून फरशी अलगद टेकवतात. रबरी हातोड्याचे ठोके, टप टप टप. मध्येच आवाज बदलतो. फरशी परत उचलायची, माल घालायचा, पुन्हा टेकवायची. बाजूला कटर किंचाळतो. एक जण त्याच्यावर बाटलीनं पाणी सोडतोय. सकाळपासून अर्धी खोली झालीय.

परत आल्यावर आजी दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. आत भिंतीवर खिळ्यानं ओढलेली एक रेघ, एकवीस सालच्या पाण्याची. ती गवंड्याच्या छातीला लागते. काका चाचरत विचारतात, "घेतलंच आहे काम, तर चार इंच लेव्हल उचलायची का?"

आजीच उत्तर देते. "चार इंचानं काय व्हतंय? ते काय इचारून येतंय व्हय?"

गवंडी हसतो. काका बेरीज करतात. पेन्सिल दोनदा वरून खाली फिरते. एक लाख एकशे पंधरा. छत्तीस हजारांची रक्कम त्याच कागदाच्या पाठीवर आहे. काकू बघतात, काही बोलत नाहीत, चहा ठेवायला शेजारच्या घरात जातात.

गवंडी नव्या फरशीचा एक तुकडा घेतो, लेसरच्या खुणेला धरतो आणि मोरीचं दार ओढून बघतो. दार अडतं. पुढच्या खोलीचंही अडतं.

"अर्धा इंच तासायला लागत्यात सगळी. सुतार सांगितलाय का?"

काका कागदावर जागा शोधतायत. "किती घेतोय?"

"दारामागं घेतोय. चार हायत न्हवं?"

"पाच," आजी म्हणते. "मागलं धरलं न्हाईस."