विश्लेषण : ‘एकमेकांवर प्रीती करा’ या आज्ञेत देण्यापेक्षा घेणे अवघड का? सोलापूरची ‘सेटलमेंट’ आणि केडगावची ‘मुक्ती’ काय सांगते?

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये एक विधी होतो. धर्मगुरू वरचा झगा काढून ठेवतात, कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि समोर बसलेल्या बारा जणांचे पाय धुऊन पुसतात. इंग्रजीत या दिवसाला ‘मॉन्डी थर्सडे’ म्हणतात. त्यातला ‘मॉन्डी’ हा शब्द लॅटिन ‘मान्दातुम’ म्हणजे ‘आज्ञा’ या शब्दावरून आला, असे सहसा मानले जाते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना दिलेली आज्ञा एवढीच, की एकमेकांवर प्रीती करा. नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापावी इतकी ती साधी वाटते. मात्र सोलापूर, केडगाव, अहमदनगर या टापूत गेल्या दीडशे वर्षांत तिची जी परीक्षा झाली, ती मुळीच साधी नव्हती.

आज्ञेत नवीन काय होते?

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हे ज्यू धर्मशास्त्रात लेवीय या पुस्तकात आधीपासून होते. मग योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३, वचने ३४-३५) येशू या आज्ञेला ‘नवी’ का म्हणतो? बदलले आहे ते माप. आधीचे माप ‘स्वतःवर करतो तशी’ असे होते, आता ते ‘मी तुमच्यावर केली तशी’ असे झाले. आणि त्याने काय केले होते? काही वेळापूर्वीच शिष्यांचे पाय धुतले होते. त्या काळात हे काम घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे. थोड्याच वेळात दगा देणारा यहूदाही तेव्हा पंगतीत होता. याच आज्ञेला जोडून येशू सांगतो, की तुम्ही माझे शिष्य आहात हे लोकांना या प्रीतीवरूनच कळेल. म्हणजे ओळखपत्र हेच. क्रूस, वेश किंवा नाव यांचा तिथे उल्लेख नाही.

मूळ ग्रीकमध्ये त्या प्रीतीसाठी ‘अगापे’ हा शब्द आहे. मराठी बायबलच्या अनुवादकांनी ‘प्रेम’ऐवजी ‘प्रीती’ हा शब्द रूढ केला आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांत तो आजही प्रार्थनेत, पत्रात, प्रवचनात तसाच येतो. कोणी आवडावे अशी आज्ञा कोणालाच देता येत नाही. पाण्याचे भांडे उचल, अशी आज्ञा देता येते. ‘प्रीती’ या शब्दाचा कल त्या दुसऱ्या बाजूला आहे.

याच प्रसंगातली पेत्राची गोष्ट प्रवचनांत अनेकदा घाईत संपते. पेत्र पाय धुऊन घ्यायलाच तयार नव्हता. गुरूने माझे पाय धुवायचे? त्याला ते सहन होईना. येशू त्याला समजावतो, की तू हे घेतले नाहीस तर तुझा माझ्याशी काही संबंध उरणार नाही. ‘एकमेकांवर’ या शब्दाचा अर्थ इथे उघडा पडतो. प्रीती करणे म्हणजे फक्त देणे असते, तर ‘इतरांवर’ म्हटले असते तरी चालले असते. ‘एकमेकांवर’ म्हटले की दुसऱ्याच्या हातून घेणेही आलेच.

ही प्रीती फक्त ख्रिस्ती लोकांपुरती का?

हा आक्षेप जुना आहे आणि तो गैरलागू नाही. योहानातली आज्ञा खरोखरच शिष्यांच्या आपसातल्या वागण्याविषयी आहे. पण तिला एकटी वाचता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला येशू चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो. ज्यू लोक ज्यांना तुच्छ मानत, त्या समाजातला माणूस तिथे जखमी वाटसरूला उचलतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर शत्रूवरही प्रीती करायला सांगितले आहे. म्हणजे तीन वर्तुळे झाली : आपले, शेजारचे आणि विरोधातले.

यातले सर्वांत आतले वर्तुळ सोपे असेल असे वाटते. महाराष्ट्रात नेमके तेच सर्वांत अवघड ठरले.

पंगतीत काय अडले?

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सोलापुरात पोहोचले. मंडळीत आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले होते, काही मोजके ब्राह्मण आणि इतर जातींचे. रविवारी सगळे एकत्र बसत आणि प्रभुभोजनाचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात जाई. जातिव्यवस्था ज्या दोन गोष्टींवर सर्वांत कडक पहारा ठेवते, त्या म्हणजे अन्न आणि पाणी. चर्चच्या मधोमध नेमक्या त्याच दोन गोष्टी आल्या.

जातीचा नियम बारकाईने पाहिला, तर वरच्याने खालच्याला अन्न देण्याला त्यात फारशी आडकाठी नाही. दुष्काळात, लग्नाकार्यात ते दिले जाईच. बंदी होती ती खालच्याच्या हातून घेण्यावर. त्यामुळे गरिबांना धान्य वाटणारा ख्रिस्ती माणूस गावाला ओळखीचाच वाटे, तो दानधर्मच दिसे. महाराच्या घरचे पाणी पिणारा ब्राह्मण ख्रिस्ती मात्र गावाच्या समजेपलीकडचा होता.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या, पण सोवळे सोडायला तयार नव्हत्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नाही. विचार करता करता जात ही माणसांनी केलेली गोष्ट आहे, या निष्कर्षावर त्या स्वतःच आल्या आणि कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. आधी पाण्याचे भांडे, मग धर्म. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

बायबललाही ही अडचण अनोळखी नाही. याकोबाच्या पत्रात सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या माणसाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीची खरडपट्टी आहे. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल संतापतो. पहिल्या शतकातल्या चर्चचे भांडणही पंगतीवरूनच होते.

केडगावला काय वेगळे घडले?

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती’ मिशन इथलेच. रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. त्यामागचे एक कारण त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले घर त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांशी कोणी मायेने वागते, हे त्यांनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या गोष्टीत येशू हलक्या मानलेल्या समाजातल्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. पुन्हा घेणेच!

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ झाले, म्हाताऱ्या आणि अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’. महत्त्वाचे असे, की काम चालवणाऱ्या बहुतेक जणी कधीकाळी स्वतःच आधाराला आल्या होत्या. स्वयंपाक, शेती, विणकाम, शिकवणे, छापखाना सगळे त्यांच्या हाती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल याच स्त्रियांनी छापले. त्या अर्थाने मुक्तीत ‘एकमेकींवर’ हा शब्द खरा होता.

टीकाही खरी होती. १८९३ मध्ये पुण्याच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादातून रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. आधार देणारा आणि धर्म सांगणारा एकच असेल, तर आधार घेणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक कितपत राहते? हा प्रश्न रमाबाईंच्या थोरवीने मिटत नाही.

सोलापूरच्या सेटलमेंटचा संबंध काय?

हा प्रश्न सोलापुरात जास्त टोकदार होतो. शहरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता रिक्षावाल्याला सांगता येतो. त्यातल्या ‘फ्री’ या शब्दामागे मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो अधिक व्यापक झाला. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींतली माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरवली गेली. त्यांना कुंपणाच्या आत ठेवून ठरल्या वेळी हजेरी घेतली जाई आणि बाहेर जायला परवाना लागे. सोलापुरातल्या सेटलमेंटमधली माणसे इथल्या कापडगिरण्यांत कामाला जात. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला देखरेख.

या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनने शाळा काढल्या, औषधपाणी पाहिले, कामाची सोय केली. प्रशासकांनी केले असते त्याहून जास्त मायेने केले, असे मानायला जागा आहे. याच मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात बालवाडीचे काम उभे केले. त्यामुळे ही माणसे ढोंगी होती, असे म्हणून विषय संपवता येणार नाही.

तरीही कुंपण होतेच. रविवारी प्रीतीवर बोलणारी संस्था सोमवारी हजेरीचे रजिस्टर सांभाळत होती. पेत्राला पाय मागे ओढता आले होते आणि त्याला समजावून सांगावे लागले होते. सेटलमेंटमधल्या माणसाला पाय मागे घेण्याची सोय नव्हती. शिवाय देणारा कायम देणाराच आणि घेणारा कायम घेणाराच राहिला. व्यवस्थापक कैकाड्याच्या घरी जेवला, त्याच्याकडून काही शिकला, त्याच्या सल्ल्याने नियम बदलला, असे व्हायला त्या रचनेत जागाच नव्हती. याला सेवा म्हणता येईल, उपकारही म्हणता येतील, पण ‘एकमेकांवर’ हा शब्द त्यावर बसत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्या दिवसाला ‘विमुक्त दिन’ म्हणतात. गुन्हेगारीचा शिक्का मात्र पोलीस ठाण्यांत आणि लोकांच्या नजरेत त्यानंतरही टिकला.

शिष्य कोणाला म्हणायचे?

आज्ञा शिष्यांसाठी, तर शिष्य कोण? रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण आतले वर्तुळ आणि बाहेरचे वर्तुळ यांच्यातली रेघच पुसण्याचा तो प्रयत्न होता.

आज घोडे कुठे अडले आहे?

भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. चर्चच्या आतही दलितांशी भेदभाव होतो, हे त्यात मान्य केले आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही बसवण्याची मुभा दिली. तोवर नियमानुसार ती जागा पुरुषांचीच होती.

प्रोटेस्टंट मंडळ्यांतही चित्र फार निराळे नाही. रोटीव्यवहार बराच मोकळा झाला, बेटीव्यवहार राहिला. प्रीतिभोजनाला सगळे एका पंगतीत बसतात. लग्न जुळवताना मात्र ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतो.

दुसरी गाठ कायद्याची आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यामुळे एकाच आजोबांच्या दोन नातवंडांपैकी बौद्ध घरातल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती घरातल्याला मिळत नाही. शासनाचा एक युक्तिवाद असा, की ख्रिस्ती धर्मात जात नाही. न्यायालयात हक्क मागणाऱ्या दलित ख्रिस्ती माणसाला उलट सिद्ध करावे लागते, की माझ्या चर्चमध्ये जात आहे. म्हणजे मंडळीने आज्ञा पाळली नाही, याचा पुरावा मंडळीतल्याच माणसाने गोळा करायचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, तो याच प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी.